वेशीचा दाखला

माझ्या कम्प्युटरमध्ये एक कोरा दाखला कायम तयार असतो. 'सदर बांधकामाची प्रत्यक्ष पाहणी केली असता ते जीर्ण व धोकादायक अवस्थेत आढळून आले' इथं तो सुरू होतो आणि 'करिता दाखला दिला असे' इथं संपतो. मधे मालकाचं नाव, मिळकत नंबर आणि दोन-तीन फोटो टाकायचे, प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा. शिरूरच्या पेठेतली जुनी दुमजली घरं, दौंडची दगडी बैठी घरं, एखादी कौलारू वखार, अशी कितीतरी बांधकामं या एका फाईलमधून गेली आणि त्यांच्या जागी शटरवाले गाळे उभे राहिले. मी लायसन्सवाला इंजिनिअर आहे. शिरूरला एका बँकेच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस आहे आणि धंदा बरा चालतो.

लोक येतात, खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "साहेब, पाडायचंय. तेवढा कागद करून द्या." इमारत धोकादायक आहे का, असं आजवर एकानंही विचारलं नाही. पाडायचं ठरलं की ती धोकादायक होतेच. काही खरोखर पडायला आलेली होती, हे माझ्या बाजूनं सांगून ठेवतो. बाकीची नव्हती, हेही सांगतो. तरी त्या घरांसाठी मी कधी झोप घालवली नाही. शहर वाढतं तेव्हा काहीतरी पाडावंच लागतं, असं मी समोरच्याला ऐकवायचो आणि ते मला पटायचंही. मला मान वर करता येत नाही ते फक्त एका दाखल्यामुळं, आणि तो माझ्याच गावच्या वेशीचा होता.

गावाचं नाव लिहीत नाही. वडगाव रासाई, मांडवगण या भीमेकाठच्या पट्ट्यातलं आहे एवढं पुरे. गाव म्हणायचं ते सवयीनं. आता तिथं चार मजली इमारती आहेत, मोबाईलची सहा दुकानं आहेत, इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसगाड्या आहेत, आणि कंपन्यांत जाणाऱ्या परप्रांतीय कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांच्या रांगा आहेत. जुन्या गावकुसाची भिंत कधीच गेली होती. तिचे दगड लोकांच्या गोठ्यांत, पायऱ्यांत लागले. उरली होती ती एकटी वेस.

काळ्या दगडाची होती. दोन बाजूंना दोन जाड भिंती, वर कमान, कमानीवर दोन दगडी फुलं. दारं नव्हती, पण अडसराची भोकं तशीच होती. पोरं त्यात हात घालून कोणाचा हात कुठवर जातो ते बघायची. आत शिरलं की डाव्या हाताला भिंतीतच एक कोनाडा होता, माणूस बसेल एवढा. त्याला देवडी म्हणतात. येसकर तिथं बसायचा. येसकर म्हणजे वेशीचा राखणदार. रात्री वेस लावायची, सकाळी उघडायची, कोण आलं कोण गेलं ध्यानात ठेवायचं, कुणाच्या घरी मयत झाली की शेजारच्या गावांना सांगावा घेऊन जायचं, आणि या सगळ्याबद्दल संध्याकाळी घराघरापुढं उभं राहून भाकरी मागायची. हे काम आमच्या लोकांकडं होतं. आमच्या घराकडं पाळी यायची. माझा आजा त्या देवडीत बसलेला शेवटचा माणूस. पुढं वस्तीनं एकमतानं गावकीची कामं टाकली, आजानं काठी खाली ठेवली आणि परत हातात घेतली नाही.

मी आजाला पाहिलेलं नाही. माझे वडील दौंडला रेल्वेत खलाशी होते. मी तिथल्या क्वार्टरमध्ये वाढलो. शाळेत कोणी विचारलं की मी "वडील रेल्वेत" म्हणायचो आणि विषय तिथंच संपायचा. गावाला जायचो ते सुट्टीत, आप्पांकडं. आप्पा म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. ते गवंडी. मांडवगणापासून वरवंडापर्यंत त्यांनी बांधलेली घरं दाखवता येतील. बोलणं कमी, हात सुबक, आणि डोक्यावर कायम सिमेंटची पांढरी धूळ.

गवंडीकामातलं पहिलं शिक्षण मला आप्पांनी दिलं, आणि ते त्या वेशीपाशीच. सात-आठ वर्षांचा असेन. त्यांच्या पिशवीतला, भिंत सरळ आहे का ते बघायचा पितळी ओळंबा मला फार आवडायचा. मी त्यांच्या शिडीवर चढून तो दोरीला धरून वेशीच्या भिंतीला लावून बघत होतो. वर दोरी भिंतीपासून वीतभर लांब धरली, तर खाली गोळा भिंतीला टेकत होता. मी ओरडलो, "आप्पा, वेस वाकडी आहे!" आप्पा हसले.

"वाकडी न्हाई बाबा, बसल्याली हाय. जुनी भितं खाली रुंद आन् वर निमुळती आसत्यात. दोन्हीकडनं सारखा ढाळ. म्हून तर उभी ऱ्हात्यात. हितं ओळंबा लावायचा न्हाई, हितं डोळा लावायचा."

मग त्यांनी मला दुसऱ्या बाजूनंही ओळंबा लावायला लावला. तिकडंही तेवढाच, वीतभर. हे मी इतकं सविस्तर सांगतो आहे, कारण पुढं मला हे माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. मीही म्हणू नये.

आणखी एक सुट्टी सांगायला हवी. मी सहावीत होतो. गावची जत्रा होती आणि क्वार्टरमधला एक मित्र हौसेनं माझ्याबरोबर आला होता. ऊन मी म्हणत होतं. आम्ही दोघं गारीगार घेऊन वेशीत शिरलो आणि सावली बघून मी सरळ देवडीत जाऊन बसलो. पाठ टेकली. पाठीमागचा दगड गुळगुळीत होता, बाकी कुठलाच तसा नव्हता. तेवढ्यात पारावरून उठून आलेला एक म्हातारा बागायतदार माझ्यापाशी थांबला. वडिलांचं नाव विचारलं. मी सांगितलं. तो प्रेमानंच म्हणाला, "आरं, आजाच्या जागंवर बसलास की! न सांगता बसलास. रगात इसरत न्हाई बघ." पारावरची माणसं हसली. मित्रही हसला, त्याला काही कळलं नव्हतं. परत येताना गाडीत त्यानं विचारलं, "तुझे आजोबा तिथं काय करायचे?" मी म्हणालो, "काही नाही, बसायचे."

मी त्यानंतर देवडीत कधी बसलो नाही. वेशीतून जाताना डावीकडं बघायचो नाही. वय वाढलं, डिप्लोमा झाला, लायसन्स आलं, दाराबाहेर पाटी लागली, तरी मान आपोआप उजवीकडं वळायची. डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हा आप्पांनी तोच पितळी ओळंबा माझ्या हातात ठेवला. दुसरं द्यायला त्यांच्याकडं काही नव्हतं, आणि याच्यापेक्षा मोठं काही त्यांच्या लेखी नव्हतंही.

सात-आठ वर्षांपूर्वी गावातून काँक्रीटचा रस्ता मंजूर झाला. उसाच्या जोड-ट्रॉल्या वेशीतून जाईनात, स्कूलबस आरसे मिटून कशीबशी आत शिरायची. रस्ता वेशीला वळसा घालून नेता आला असता. शेजारी मोकळी पट्टी होती. पण ती पट्टी ज्यांची होती त्यांना तिथं कॉम्प्लेक्स बांधायचं होतं, आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. म्हणून रस्ता सरळ जाणार आणि वेस पडणार, असं ठरलं. त्यासाठी कागद हवा होता.

गावातली पाच-सहा वजनदार माणसं माझ्या ऑफिसला आली. पांढरे कपडे, बाहेर दोन गाड्या. मी उभा राहिलो तर म्हणाले, "बसा बसा साहेब, तुम्ही कशाला उठताय." एकानं माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला. "आपल्या गावचा इंजिनिअर आस्ताना गावानं बाहीरचा माणूस कशाला आणायचा? आमाला तुमचा अभिमान हाय."

खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. यांच्या वाडवडिलांनी माझ्या आजाला अर्ध्या नावानं हाका मारल्या होत्या आणि हे मला अहो-जाहो करत होते. मी चहा मागवला. तोही चांगल्या कपांतून. कोरा दाखला स्क्रीनवर उघडाच होता. मी म्हणालो, "एकदा येऊन माप घेतो. बाकी काही अडचण नाही."

आप्पांनी तिकडं गावात वेगळंच काम सुरू केलं होतं, ते मला त्या संध्याकाळी फोनवर कळलं. वेस ठेवा, रस्ता शेजारून न्या, असा अर्ज त्यांनी एका मास्तरांकडून लिहून घेतला होता आणि सत्तरी ओलांडलेला हा माणूस घरोघर सह्या मागत फिरत होता. वस्तीतल्या बहुतेकांनी केल्या. दोन-तीन म्हाताऱ्या बागायतदारांनीही केल्या, त्यांचाही जीव होता त्या दगडांत. पण विहारात बसणारी आमचीच काही तरुण पोरं अडून बसली. ती म्हणाली, आप्पा, ते गुलामीचं चिन्ह आहे, आपण कशाला जपायचं? पडतंय तर पडू द्या.

मला हायसं वाटलं. माझ्या मनातली गोष्ट कोणीतरी तत्त्वाच्या भाषेत बोलून दाखवली होती. मी फोनवर आप्पांना तेच ऐकवलं. ते म्हणाले, "गुलामी केली ती माझ्या बापानं. ऊन-पाऊस त्यानं सोसलं. देवळावर पाटी हाय कुणी बांधलं त्येची. चावडीवर हाय. शाळंच्या खोलीवर हाय. आन् ज्यानं गाव राखलं त्येचं काय हाय रं ह्या गावात? त्यो एक दगूड हाय. पाठ घासून घासून गुळगुळीत झाल्याला. मी ल्हानपणी तिथं त्येच्या मांडीवर निजलोय. एवढं ऱ्हाऊ दे म्हंतोय. तू इंजिनिअर हायेस, तू लिवलंस तर ऱ्हाईल."

मी "बघतो" म्हणालो. 'बघतो' हा आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्द आहे.

रविवारी सकाळी लवकर गेलो, म्हणजे वर्दळ नको. टेप घेतली, आणि ओळंबा घेतला, तोच. शिडी लावून वरून दोरी सोडली. गोळा खाली भिंतीला टेकला. वर वीतभर अंतर. पलीकडच्या बाजूनं सोडली, तिथंही तेवढंच. कमानीचा एकही दगड हललेला नव्हता. सांध्यांतला चुना नखानं खरवडला तर नख दुखलं. दोन्ही भिंतींची तळाची जाडी घेतली, माथ्याची घेतली. मापं मी खरी घेतली, त्यात लबाडी केली नाही. लबाडी केली ती पुढच्या ओळीत. 'दोन्ही भिंती ओळंब्यात नसून माथ्याकडे कललेल्या आढळल्या. बांधकाम केव्हाही कोसळण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

पहिलं वाक्य वाचून कोणी मला खोटं पाडू शकलं नसतं. ओळंब्यात नव्हत्याच त्या. त्या ओळंब्यात बांधलेल्याच नव्हत्या.

मग नकाशा काढायला बसलो. कमान काढली, फुलं काढली, अडसराची भोकंसुद्धा काढली. डाव्या भिंतीपाशी आलो आणि माउस थांबला. देवडीचं माप मी घेतलंच नव्हतं. टेप घेऊन तिच्यापुढनं तीन वेळा गेलो होतो. मी तिथं सरळ रेघ मारली. डावी भिंतही उजवीसारखी सपाट झाली. वेशीचा जो नकाशा सरकारी कागदांत लागणार होता, त्यात येसकराला बसायला जागाच नव्हती.

असं का केलं, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आता सांगतो. ती वेस उभी आहे तोवर कोणी ना कोणी मला म्हणणार होतं, आजाच्या जागेवर बसलास की. मला ती जागाच नको होती. रस्ता, ट्रॉल्या, स्कूलबस हे बाकीच्यांचं कारण. माझं कारण एवढंसं होतं आणि ते मी कोणाला सांगू शकलो नसतो.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. मला पुढं, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. ग्रामसेवकानं माझा दाखला वाचून दाखवला. 'ओळंब्यात नसून' हे शब्द आले तेव्हा मागं सतरंजीवर बसलेल्या आप्पांनी मान वर केली. मी मोबाईलमध्ये तोंड घातलं. मोबाईलवर काहीच नव्हतं.

सही केलेल्या म्हाताऱ्या बागायतदारांपैकी एक जण उठला. "आसं कसं म्हंतो कागुद? जलमापास्नं बगतोय मी ती येस. आप्पा, तुमी गवंडी हाय. हयात गेली भितींत. तुमी सांगा, पडंल का ती?"

सगळे मागं वळले. आप्पा उठले. अर्जाची घडी त्यांच्या हातात होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता हे सगळ्यांसमोर माझी शोभा करणार, आणि कुठंतरी, अगदी आत, करावीच असंही वाटलं. त्यांनी एक वाक्य बोलायचा अवकाश होता. दोन्हीकडनं सारखा ढाळ हाय, एवढंच.

"इंजिनिअर हाय त्यो," आप्पा म्हणाले. "त्यानं लिवलंय म्हंजी बगूनच लिवलं आसंल."

अर्ज खिशात घातला आणि खाली बसले. ठराव मंजूर झाला. जेवणाच्या पंगतीत मला आग्रह करकरून वाढलं. आप्पा जेवायला थांबले नाहीत.

पाडायच्या दिवशी मी जाणार नव्हतो, पण 'साहेब, तुम्ही हवेतच' म्हणून गाडी पाठवली. जेसीबी आला. त्याचे दात दगडावरून घसरायचे, ठिणग्या उडायच्या आणि भिंत जागची हलायची नाही. दुपार झाली तरी कमान तशीच. कडेला बघ्यांची गर्दी. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आरं केव्हाबी पडणार व्हती ना ही? मग कवा?" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "सायबास्नी म्हणा जरा फुकर मारा." पांढऱ्या कपड्यांतली माणसंही हसली. मीही त्यांच्यात हसलो. एवढं निर्लज्ज हसू मी आयुष्यात पुन्हा हसलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मोठा ब्रेकर लावलेलं पोकलेन आणलं आणि संध्याकाळपर्यंत वेस गेली. आप्पा ऑपरेटरपाशी गेलेले मला दिसले. हातवारे करून काहीतरी सांगत होते. तो मुलूख सोडून आलेला माणूस, इंजिन बंद न करताच ओरडला, "कौन सा पत्थर, चाचा? सब एक जैसा है!" आप्पा ढिगाऱ्यावर वाकून एकेका दगडावरून तळहात फिरवत होते. मी त्यांना मदत करू शकलो असतो. तो दगड कसा लागतो ते मला त्यांच्याइतकंच माहीत होतं, माझीही पाठ त्याला लागली होती. पण लोक बघत होते. मी गाडीत बसलो आणि काच वर केली. ट्रॉल्या भरून दगड नदीच्या वाटेवर भराव म्हणून गेले.

वेशीच्या जागी स्वागत कमान झाली. तिचं डिझाईन माझंच, गावासाठी म्हणून केलं. उद्घाटनाला मला शाल-श्रीफळ दिलं. आता त्या कमानीवर वर्षभर वाढदिवसांचे फ्लेक्स असतात आणि एका खांबाच्या टाईल्स निघाल्या आहेत.

आप्पांनी या विषयावर मला कधी एक शब्द विचारला नाही. त्यांच्याकडं गेलो की पाणी द्यायचे, धंद्याचं विचारायचे, पोरीचं विचारायचे. ते चिडले असते तर मीही चार कारणं तोंडावर फेकली असती, भांडण झालं असतं, मिटलं असतं. त्यांच्या साधेपणानं वागण्याची मला धास्ती बसली. मी हळूहळू जाणं कमी केलं.

माझी मुलगी पुण्याला आर्किटेक्चरला आहे. यंदा त्यांना कॉलेजात एक काम दिलं होतं. आपापल्या गावातलं एक जुनं बांधकाम घ्यायचं, असलेलं किंवा गेलेलं, आणि त्याचे मापासकट नकाशे करायचे. तिचा फोन आला. "बाबा, मी आपली वेस घेतली. आप्पाआजोबांकडून ऐकलेलं वर्गात सांगितलं मी, माझे पणजोबा त्या वेशीचे राखणदार होते, त्यांची जागा दगडात कोरलेली होती. सर म्हणाले, हे फार मोलाचं आहे."

मी ज्या गोष्टीपुढून चाळीस वर्षं मान फिरवून गेलो, ती हिनं भर वर्गात, सगळ्यांपुढं, एका दमात सांगून टाकली. आणि कोणी हसलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला आठवली ती माझ्या नकाशातली सरळ रेघ.

तिनं विचारलं, "तुम्ही पाडायच्या आधी माप घेतलं होतं ना? त्याची कॉपी द्या." मी म्हणालो, "जुना कम्प्युटर गेला, त्याच्याबरोबर गेली." फाईल समोर होती. पोरगी माझीच. ती ग्रामपंचायतीत गेली, अर्ज दिला आणि दाखल्याची, नकाशाची झेरॉक्स घेऊन आली.

मागच्या महिन्यातला रविवार. दुपारची जेवणं झाली होती. वस्तीत, आप्पांच्या घराच्या ओट्यावर आम्ही तिघं बसलो होतो. आप्पा आता ऐंशीच्या पुढं आहेत, ऐकू कमी येतं, पण नजर अजून गवंड्याची आहे. तिनं माझा नकाशा सतरंजीवर पसरला आणि पट्टी लावून मापं उतरवून घेऊ लागली. मी पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडं केला.

"बाबा, या दोन्ही बाजूंना सारखाच ढाळ दिसतोय," ती म्हणाली. "तळाला एवढी जाडी, माथ्याला एवढी. दोन्हीकडं अगदी तेवढीच. हा तर मुद्दाम दिलेला असतो. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय. आणि इथं दाखल्यात लिहिलंय, कललेल्या आढळल्या." तिनं मान वर केली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा बोलले. त्यांना कमी ऐकू येतं, पण हे ऐकू आलं. "त्यो तवा नवा व्हता गं कामात."

नवा. केस पिकत आले होते माझे तेव्हा. ग्रामसभेत त्यांनी मला एकदा वाचवलं होतं, आता माझ्या मुलीपुढं दुसऱ्यांदा वाचवत होते, आणि यावेळी मला अडाणी ठरवून, कारण दुसरी वाट नव्हती. मी गप्प बसलो असतो तर भागलं असतं. तिनं मानलंही असतं.

"माहीत होतं," मी म्हणालो. "मी सात वर्षांचा असताना आप्पांनीच शिकवलं होतं. त्याच भिंतीवर."

ती पुन्हा कागदावर वाकली, बहुधा माझ्याकडं बघायला नको म्हणून. तिची पट्टी डाव्या भिंतीवरून सरकत गेली आणि मधेच थांबली. तिनं कागद उचलून जवळ धरला, उलटा केला, परत सुलटा केला.

"देवडी कुठंय यात?"

"काढली नाही."

"का?"

खरं तेच तोंडातून निघालं. "लाज वाटत होती."

"लाज? कशाची?"

मी खाली बघितलं. ओट्याची कड आप्पांनी स्वतः घोटलेली आहे, आरशासारखी.

"माझ्या बापाची," आप्पा म्हणाले.

ते रागानं बोलले नाहीत. एखाद्या भिंतीचं माप सांगावं तसे बोलले. म्हणजे त्यांना ग्रामसभेतही ठाऊक होतं, आणि त्याआधीही, मी 'बघतो' म्हणालो तेव्हाही. मुलीचे डोळे भरले होते आणि ते कोणासाठी, हे विचारायचा मला हक्क नव्हता.

आप्पांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि माझ्यासमोर ठेवली.

"लिव," ते म्हणाले. "उंची, बसल्याल्या माणसाची. उभा ऱ्हायला की डोकं लागायचं. लांबी, पाय पोटाशी घेतल्यावर मावंल येवढी. खोली, पाठ टेकून गुडघं भाईर."

मी लिहू लागलो.